यादी चावडीवर वाचा!

शेतकरी बांधवांनो, मायबहिणींनो आणि गिरणी-कारखान्यांतल्या कामगार भावांनो,

मराठी माणसाचे राज्य कशासाठी मागितले होते? झेंड्यासाठी? मंत्र्यांच्या बंगल्यांसाठी? दर १ मे ला सलामी झाडण्यासाठी? नाही! ते मागितले होते ते एवढ्यासाठी, की कारभार रयतेच्या भाषेत चालावा, रयतेला तो कळावा, आणि कळला म्हणजे रयतेने उठून विचारावे, "आमच्या नावावर निघालेला पैसा गेला कुठे?"

हा एकच प्रश्न घेऊन आम्ही हे पत्रक काढले आहे. बाकीची भाषणे सभेत होतील. इथे फक्त हिशेब.

अंबड-घनसावंगीत काय घडले?

२०२२ ते २०२४ या काळात जालना जिल्ह्याने अतिवृष्टी पाहिली, अवकाळी पाहिला, गारपीट पाहिली. कापूस बोंडातच काळा पडला, सोयाबीनला शेंगेत कोंब फुटले, मोसंबी झाडाखाली सडली. सरकारने मदत मंजूर केली. कागदावर तिला अनुदान म्हणतात. पैसा तिजोरीतून निघाला. आणि २०२५ साली उघडकीस आले, की अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत त्यातले कोट्यवधी रुपये भलत्यांच्याच खात्यांत शिरले. चौकशीतून आकडा पुढे आला तो जवळपास २५ कोटी रुपयांचा. तलाठी निलंबित झाले, तहसिलातले कर्मचारी निलंबित झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये अंबडच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला.

कोण दोषी आणि कोण निर्दोष, ते कोर्ट ठरवील. आम्ही कुणाचे नाव घेत नाही. पण पैसा कोणत्या वाटेने गेल्याचे चौकशीत निघाले, ती वाट प्रत्येकाने नीट पाहून ठेवावी. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचे नाव यादीत. एकाच माणसाच्या नावावर दोनदा पैसा. सातबारावर क्षेत्र थोडे, यादीत जास्त. सरकारी जमिनीवरसुद्धा पीक बुडाल्याचा देखावा!

२५ कोटी हा आकडा ऐकून आपल्यासारख्या माणसाच्या डोळ्यापुढे काहीच येत नाही. म्हणून तो शेताच्या मापाने मोजा. २०२२ साली सरकारने जिरायत पिकाला हेक्टरी १३,६०० रुपये असा दर जाहीर केला होता, ३ हेक्टरांच्या मर्यादेत. त्या दराने २५ कोटी म्हणजे १८ हजार हेक्टरांहून जास्त जमिनीची मदत. एकेका कुटुंबाचे एक हेक्टर धरा. १८ हजार चुली! त्या चुलींवरचा घास उचलून कुणी दुसऱ्याच ताटात वाढला, आणि ज्यांच्या चुली, त्यांना वर्ष-दोन वर्षे पत्ता लागला नाही. पत्ता का लागला नाही? खरे दुखणे इथेच आहे.

पैसा पाझरतो कुठे?

पीक बुडाले म्हणजे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावाला तो तलाठीच. ३३ टक्के आणि त्यावर नुकसान असेल तर शेतकरी मदतीला पात्र. पंचनाम्यावरून यादी होते. यादी तहसिलात जाते, तिथून कॉम्प्युटरवर चढते. मग शेतकऱ्याला एक नंबर मिळतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो नंबर घेऊन तो सेतू केंद्रात जातो, अंगठा लावतो, आणि घरी येऊन वाट बघत बसतो.

आता विचार करा. शेत गावात. पीक गावात. पाऊस पडला तो गावात. कुणाचे किती बुडाले, हे शेजाऱ्याला ठाऊक, सालगड्याला ठाऊक, बांधावरून शाळेत जाणाऱ्या पोराला ठाऊक. पण यादी एकदा गावातून उठून तहसिलात गेली, की गावाचा तिच्याशी संबंध संपला. गावाचे ज्ञान गावात राहिले आणि यादी संगणकात शिरली. या दोहोंची पुन्हा गाठ पडतच नाही. चोरी होते ती याच मधल्या अंधारात.

कुठे कुठे यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवतात. आमच्या गावांतला अनुभव असा, की ती व्हीके नंबर शोधण्यापुरती असते. बारीक अक्षर, पावसाने ओघळलेली शाई, आणि चार दिवसांत कागद गायब. चिकटवणे निराळे आणि वाचणे निराळे. चिकटवलेल्या कागदाला कुणी उलट प्रश्न विचारीत नाही. मोठ्याने वाचलेल्या नावाला मात्र सभेतून आवाज येतो, "ओ भाऊ, त्याला रान कुठंय? तो तर दहा वर्षं झाले शहरात राहतो!"

असा एक आवाज वेळेवर उठला असता, तर २५ कोटींतला किती पैसा वाचला असता?

"आता सगळं थेट खात्यात जातं!"

सरकारी माणूस म्हणेल, "तुमचं रडगाणं जुनं झालं. आता मधला दलाल नाही. आधार आहे, अंगठा आहे, पैसा थेट खात्यात पडतो."

थेट पडतो, कबूल. पण कुणाच्या खात्यात? अंबड-घनसावंगीचा प्रकार बैलगाडीच्या काळातला नाही. तो आधारच्या काळातला आहे, थेट खात्याच्या काळातला आहे. यंत्र एवढेच पाहते, की यादीतले नाव आणि खात्यावरचे नाव एक आहे की नाही. त्या माणसाला शेत आहे का, त्याचे पीक बुडाले का, हे यंत्राला कोण सांगणार? यादी खोटी असेल तर यंत्र खोटा पैसा खऱ्या खात्यात बिनचूक टाकते. नळाला नवी तोटी बसवली म्हणून विहिरीतले पाणी गोड होत नाही.

आणि उलटी बाजू पाहा. खऱ्या शेतकऱ्याला यंत्र दारातून हाकलते. आधार जोडलेला नाही, परत जा. नावात एक काना कमी, परत जा. सामायिक खाते आहे, भावांचे संमतीपत्र आण. एक भाऊ पुण्याला, एक सुरतेला, बहीण सासरी. संमतीपत्र गोळा करायला जेवढे भाडे जाते, तेवढे कधी कधी अनुदानही नसते. म्हणजे खऱ्याला दहा कुलपे आणि खोट्याला मागचे दार उघडे. याला कारभार म्हणावे काय?

दर किती? कुणालाच ठाऊक नाही!

दुसरी गोष्ट. आपल्याला मिळणार किती, हेच शेतकऱ्याला कळत नाही. कसे कळणार? दर ऋतूसारखे बदलतात.

२०२२ साली जिरायतीला हेक्टरी १३,६००, बागायतीला २७,०००, फळबागेला ३६,०००, मर्यादा ३ हेक्टर. मे २०२५ च्या शासन निर्णयाने हेच दर ८,५००, १७,००० आणि २२,५०० वर आणले आणि मर्यादा २ हेक्टरांवर. म्हणजे जिरायत एकरी साडेपाच हजारांवरून साडेतीन हजारांच्याही आत. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर आभाळ फाटले. गोदावरी पात्र सोडून रानात शिरली. अंबड, घनसावंगी, परतूर या गोदाकाठच्या तालुक्यांत उभी पिकेच नव्हे, काही ठिकाणी माती सुद्धा वाहून गेली. ७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. मर्यादा पुन्हा ३ हेक्टर, आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वर. म्हणून जिरायतीला १८,५०० असा आकडा सांगितला गेला.

आता घनसावंगीच्या एखाद्या म्हातारीच्या जागी उभे राहून बघा. तिचे दीड एकर रान. तिच्या खात्यात एक रक्कम येते. ही कोणत्या पावसाची? कोणत्या दराची? दहा हजारांतला तिचा वाटा यात आला की यायचा आहे? क्षेत्र पुरे धरले की अर्धे? ती बँकेत विचारते, बँक म्हणते तहसिलात जा. तहसिलात म्हणतात तलाठ्याला विचार. तलाठी म्हणतो, "मावशी, वरून आलं तेवढं आलं." वरून! जसे काही ते आभाळातून पडले!

मावशीला शिक्षण कमी असेल, पण हिशेब कमी नाही. बाजारात ती आठ आण्याचा फरक ओळखते. फक्त तिच्यापुढे हिशेब कुणी मांडतच नाही.

मराठी राज्यात इंग्रजी निरोप

आणि जो काही हिशेब येतो, तो कोणत्या भाषेत? मोबाईल वाजतो. उघडावा तर अक्षरे इंग्रजी. बँकेचा निरोप इंग्रजी. पैसे अडकले तर अडकल्याचे कारणही इंग्रजी. "अकाऊंट नॉट सीडेड." सीडेड म्हणजे काय? बियाण्याच्या या जिल्ह्यात शेतकऱ्याला वाटावे, की पेरणीचे काही विचारताहेत! आमच्यातल्या पुष्कळांची शाळा चौथीतच सुटली. मराठी आम्ही वाचतो. पेपर वाचतो, पत्रक वाचतो, युनियनचा ठराव लिहितो. पण स्वतःच्या पैशाचा निरोप दुसऱ्याच्या पोराकडून वाचून घ्यावा लागतो, आणि ते पोरगं सांगेल ते खरं.

आमच्या आज्या-पणज्यांनी हे सगळे एकदा भोगले आहे. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत चाले. शेतकरी मराठी बोले. कागदावर काय लिहिले ते वाचून दाखवणारा सांगेल तोच कायदा. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५३ च्या नागपूर कराराने त्याआधीच शब्द दिला होता, की खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात होईल आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे खास लक्ष दिले जाईल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ माणसे हुतात्मा झाली. गिरणगावातल्या कामगारांनी त्या लढ्यात छातीवर गोळ्या घेतल्या. १ मे १९६० ला मराठी राज्य झाले. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. पेढे वाटले, फटाके फोडले.

अभिजात दर्जा मिळाला याचा आम्हाला आनंदच आहे. पण आम्ही विचारतो, भाषा अभिजात झाली, मग अनुदानाचा निरोप मराठीत का नाही? सिंहासनावर मराठी आणि खिडकीवर इंग्रजी, हे कसले भाषिक राज्य? उर्दू दप्तराच्या जागी इंग्रजी मोबाईल आला, एवढाच जर फरक असेल तर १०६ जणांनी रक्त कशाला सांडले?

उर्दूशी आमचे वैर नाही, इंग्रजीशी नाही. जालन्यात उर्दू बोलणारे आमचे भाऊ आमच्याच पाळीत, आमच्याच भट्टीपुढे घाम गाळतात. आमचे वैर आहे ते न कळणाऱ्या कारभाराशी. न कळणारा कारभार हा चोराचा मामा असतो.

सीमेवरच्या भावाला काय दाखवणार?

निपाणी-बेळगावचा मराठी माणूस आजही महाराष्ट्रात येण्यासाठी झगडतो आहे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा आहे. त्याची तक्रार काय? की सरकारी कागद कन्नडात, कचेरीचे उत्तर कन्नडात. त्याचा लढा न्यायाचा आहे आणि आम्ही त्याच्या पाठीशी आहोत.

त्याच निपाणीत १९८१ साली तंबाखू पिकवणारे शेतकरी भाव मागायला रस्त्यावर बसले होते. शरद जोशी त्यांचे पुढारी होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्यात मराठी होते, कन्नड होते. भाव मागताना त्यांनी एकमेकांची भाषा विचारली नाही. व्यापाऱ्याचा काटा दोघांनाही सारखाच बुडवीत होता.

उद्या निपाणीचा तो शेतकरी महाराष्ट्रात आला आणि म्हणाला, "दाखवा तुमचं मराठी राज्य," तर आपण त्याला काय दाखवणार? मराठीतला सातबारा आणि इंग्रजीतला निरोप? भिंतीवर ओघळलेली यादी? आधी आपले घर झाडून घेऊ या, म्हणजे पाहुण्याला ताठ मानेने बोलावता येईल.

तंबाखूवरून आणखी एक आठवले. अमेरिकेत तंबाखूच्या शेतीला सरकारी कोटा होता. २००४ साली कायदा करून तो मोडला आणि २००५ ते २०१४ अशी दहा वर्षे हप्त्याने भरपाई दिली. कोटा ज्याच्या नावावर, त्याला पौंडामागे ७ डॉलर. प्रत्यक्ष पिकवणाऱ्याला ३ डॉलर. म्हणजे तिकडेही कागदाचा धनी मोठा आणि घामाचा धनी लहान! ते काही आपण घ्यायला नको. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे एका संस्थेने माहितीच्या कायद्याखाली शेती अनुदानाची दप्तरे सरकारकडून मिळवली आणि ती नावानिशी, जिल्हावार सर्वांपुढे ठेवली. माझ्या भागात कुणाला किती मिळाले, हे तिथला कुणीही माणूस पाहू शकतो. आभाळ कोसळले नाही, राज्य बुडाले नाही.

कायदा आपल्याच बाजूला आहे

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचे राहू द्या, आपल्याकडे हे कोण करू देणार? बांधवांनो, आपल्याकडे हे करण्याचा कायदाच आहे!

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. कलम ४ काढा. त्यात लिहिले आहे, की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभ घेणारे कोण, हे कचेरीने आपणहून प्रसिद्ध केले पाहिजे. अर्ज न मागता! आणि त्याच कलमात पुढे आहे, की ही माहिती स्थानिक भाषेचा विचार करून लोकांपर्यंत पोचवावी. पोचवायचे म्हणजे कसे, तेही सांगितले आहे. सूचना फलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा. म्हणजे साध्या मराठीत काय? दवंडी आणि चावडी!

हा कायदा वरून कुणी दयेने दिलेला नाही. १९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावात जनसुनवाई भरवली. कामाचे मस्टर आणि खर्चाचे कागद लोकांपुढे मोठ्याने वाचले. लोक उभे राहून सांगू लागले, "मी त्या कामावर नव्हतोच, माझं नाव कसं?" "ही भिंत बांधलीच नाही!" त्या वाचनातून माहितीच्या हक्काची चळवळ उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा देशाच्या कायद्याआधी झाला. म्हणजे वाचनात काय ताकद आहे, हे आपल्याला माहीत नाही असे नाही. आपण ती वापरीत नाही, एवढेच.

कुणी शहाणा म्हणेल, "लोकांची खाजगी माहिती उघडी पडेल. २०२३ चा नवा कायदा आहे." आम्ही कुणाचा आधार नंबर मागत नाही, खाते नंबर मागत नाही. नाव, गट नंबर, बुडालेले क्षेत्र आणि रुपये, एवढ्या चार गोष्टी मागतो. गट नंबर आणि क्षेत्र तर सातबारावर साऱ्या जगाला दिसते. नव्या कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८ बदलले, पण कलम ४ जागच्या जागी उभे आहे. जनतेच्या तिजोरीतून जनतेच्या संकटासाठी निघालेला पैसा खाजगी कसा?

दुसरा म्हणेल, "गावात भांडणं लागतील." लागू द्या! चावडीवर तासाभराचे भांडण बरे, की कोट्यवधींची चोरी बरी? आणि जो तलाठी सचोटीने काम करतो, त्याला वाचनाचे भय कसले? उलट तोच म्हणेल, "वाचा बाबा, म्हणजे माझ्या मागचं बालंट गेलं." वर दबाव आणणारा पुढारी, "हे नाव घाल" म्हणून फोन करणारा गावगुंड, यांच्यापासून त्या बिचाऱ्याला वाचवायला गावाच्या कानाएवढे संरक्षण दुसरे नाही.

कामगारांचा काय संबंध?

आम्हाला विचारतात, "तुम्ही जिनिंगमधले, रोलिंग मिलमधले लोक. शेतकऱ्याच्या अनुदानात तुम्हाला काय?"

पहिले म्हणजे आम्ही शेतकऱ्याचीच पोरे. घरी दोन एकर कोरडवाहू, म्हणून गिरणीच्या दारात आलो. अनुदान बुडाले, की पेरणीला पैसा लागतो तो आमच्या पगारातून. बाप म्हणतो, "बियाण्यापुरते तरी पाठीव." उचल घेतली, की मुकादमापुढे मान खाली. शेतकऱ्याला नाडले, की कामगार आपोआप स्वस्त होतो. हे गणित मालकाला आपल्याआधी समजते.

दुसरे म्हणजे, वाचनाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. इंग्रजाच्या राज्यात, १९३६ च्या पगाराच्या कायद्यात लिहिले होते, की कायद्याचा सारांश कारखान्यात इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेत लावलाच पाहिजे. परक्या सरकारला जे सुचले, ते मराठी सरकारला अनुदानाच्या बाबतीत सुचू नये? युनियन जिथे उभी राहते तिथे पहिली मागणी हीच असते, "पगाराचा कागद हातात द्या, कापलं किती आणि का, ते आमच्या भाषेत लिहा." कागद हातात आला, की अर्धी चोरी आपोआप थांबते. उरलेल्या अर्ध्यासाठी संप असतो!

तिसरे म्हणजे, शेतकऱ्याला दिले की भीक आणि कारखानदाराला दिले की प्रोत्साहन, हा जो हिशेब चालतो तो आम्हाला मान्य नाही. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत नेली, ऐन आपल्या कापसाच्या वेचणीत. त्या वेळी कुणी म्हणाले नाही, की हे फुकटे आहेत. कापूस-सोयाबीनचा भाव पडला म्हणून २०२३ च्या खरिपासाठी हेक्टरी ५,००० रुपये दिले, तर तेही ई-पीक पाहणीच्या अटीवर, २ हेक्टरांच्या आत. एकरी दोन हजार! आम्ही वाचन मागतो ते सर्वांचे मागतो. शेतकऱ्याच्या अनुदानाची यादी वाचा, आणि कारखानदाराच्या सवलतीचीही वाचा. मग जनता ठरवील फुकटा कोण.

आमच्या मागण्या

१. पंचनाम्याची कच्ची यादी तहसिलात पाठवण्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. नाव, गट नंबर, बुडालेले क्षेत्र, दर आणि रुपये. हरकत घ्यायला आठ दिवस द्यावेत. वाचनाची दवंडी आदल्या दिवशी प्रत्येक वस्तीवर, वाड्यावर, तांड्यावर पोचावी.

२. पैसे वाटल्यावर दुसरे वाचन करावे. कुणाला मिळाले, कुणाचे अडकले आणि का अडकले, ते साध्या मराठीत सांगावे.

३. मोबाईलचा निरोप मराठीत यावा. त्यात कोणत्या महिन्याचे नुकसान, किती क्षेत्र आणि कोणता दर, हे असावे. नुसता आकडा नको.

४. यादीची प्रत चावडीवर आणि रेशन दुकानावर वर्षभर राहावी.

५. अंबड-घनसावंगीत जो पैसा वसूल होईल, तो पुन्हा तिजोरीत नुसता जमा करून गप्प बसू नये. जे खरे शेतकरी राहून गेले, त्यांची गावोगाव यादी करून त्यांना आधी द्यावा.

६. बटईने शेत करणारा आणि नवऱ्याच्या नावावरच्या सातबाऱ्यावर राबणारी बाई, यांचे नाव आज कोणत्याच यादीत येत नाही. वाचनाच्या वेळी त्यांनाही उभे राहून "हे रान आम्ही पिकवलं" असे सांगण्याचा हक्क असावा आणि त्याची नोंद व्हावी.

यातल्या पहिल्या मागणीला एक पैसा लागत नाही. एक सतरंजी, एक कंदील आणि मराठी वाचता येणारा एक माणूस, एवढे पुरे. हुकूम निघायची वाट तरी कशाला पाहायची? माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आपल्या गावाची यादी मागून घ्या. अर्ज लिहिता येत नसेल तर आमच्या कार्यकर्त्याकडे या, तो मराठीत लिहून देईल. यादी हाती आली, की मारुतीच्या पारावर, मशिदीच्या ओट्यावर, बुद्धविहारासमोर, जिथे गाव जमतो तिथे बसा आणि शाळेतल्या पोरीला ती मोठ्याने वाचायला सांगा. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. आठही तालुक्यांत ज्या दिवशी अशा याद्या वाचल्या जातील, त्या दिवशी चोराला रात्र पुरायची नाही.

मराठी राज्य मुंबईत झाले १९६० साली. ते आपल्या चावडीवर अजून यायचे आहे. ते आणायला आता गोळ्या झेलाव्या लागणार नाहीत. पण आवाज लावावा लागेल.

पैसा जनतेचा, हिशेब जनतेच्या भाषेत!
खऱ्याचे नाव राहू नये, खोट्याचे नाव जिरू नये!
शेतकरी-कामगार एकजुटीचा विजय असो!
यादी चावडीवर वाचा! वाचलीच पाहिजे!